बीजं टाकीत, वाफा अंगात

चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. कागदावर आकडा दिसला की त्याची मर्यादा काय आणि तो कुठल्या बाजूला घसरलाय, हे आधी बघायची सवय. त्यामुळे स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीचा रिपोर्ट मला डॉक्टरांच्या आधीच थोडाफार कळला होता. कॅन्सर. ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. म्हणजे गाठीतल्या पेशी माझ्याच शरीरात तयार होणाऱ्या इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनवर पोसल्या जात होत्या. वय ३३. साल २०२३, नवरात्र तोंडावर आलेलं.

पहिल्या डॉक्टरांनी सगळं व्यवस्थित समजावलं. गाठ मोठी, वय कमी, म्हणून आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशन आणि त्यानंतर पाच ते दहा वर्षं हार्मोनविरोधी गोळ्या. नवऱ्याने विचारलं, "कधी सुरू करायचं?" ते म्हणाले, "सोमवारी." एवढ्या बोलण्यात मुलाबाळांचा विषय निघाला नाही. आमच्या तोंडून तरी कसा निघणार? आम्ही दोघं तेव्हा 'जगणार ना' या एकाच प्रश्नाच्या मागे होतो.

दुसरं मत घ्यायला गेलो तिथल्या मॅडमनी फाइल उघडायच्या आधी विचारलं, "मूलबाळ?"

"नाही."

"हवंय?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मॅडम म्हणाल्या, "आत्ता उत्तर देऊ नका. पण पुढे कधीतरी उत्तर देता यावं अशी सोय करून ठेवायची का, ते मात्र या आठवड्यात ठरवावं लागेल." आणि त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे दोन अंडाशयं काढली. बाई जन्मतःच आयुष्यभराची बीजं घेऊन येते, नंतर त्यात भर पडत नाही. केमोमधलं सायक्लोफॉस्फमाइड हे औषध त्या साठ्यालाच हात घालतं. तिशीच्या आसपासच्या बऱ्याच जणींची पाळी केमोनंतर परत येते, चाळिशीत पोचलेल्यांची परत येण्याची शक्यता बरीच कमी. पण पाळी परत आली म्हणजे साठा शाबूत आहे असं धरून चालायचं नाही. त्यात गोळ्या चालू असताना गरोदर राहायचं नाही. गोळ्या संपेपर्यंत मी अडतीस ते त्रेचाळीस यांच्यामध्ये कुठेतरी असणार. केमोने जेवढं जातं, तेवढंच नुसतं थांबण्यानेही जातं, असं त्या म्हणाल्या. सोय म्हणजे केमोच्या आधीच बीजं काढून गोठवून ठेवायची.

घरी आल्यावर सल्ल्यांचा पाऊस. आत्येसासूबाईंचं फोनवर म्हणणं, "सरोगसी असते ना हल्ली, कशाला हा व्याप?" त्यांना कोण सांगणार की २०२१ च्या कायद्याने पैसे देऊन सरोगसी बंद झाली आणि दुसरीच्या पोटात मूल वाढवायचं म्हटलं तरी बीज कुणाचं, हा प्रश्न उरतोच. माझी आई एकच वाक्य धरून बसली होती, "आधी तू बरी हो." खरं सांगायचं तर मलाही एकच भीती होती. हार्मोनवर वाढणारी गाठ अंगात असताना बीजं वाढवायला हार्मोनची इंजेक्शनं घ्यायची, हे आगीत तेल नाही का?

हा प्रश्न मी आयव्हीएफ सेंटरमधल्या डॉक्टरांना तसाच्या तसा विचारला. त्यांचं उत्तर असं, की म्हणूनच इंजेक्शनांबरोबर लेट्रोझोल देतात. ही गोळी कॅन्सरच्या उपचारातलीच आहे. ती शरीरात इस्ट्रोजेन तयार होण्यावर चाप ठेवते, त्यामुळे बीजं वाढतात पण रक्तातलं इस्ट्रोजेन फार चढत नाही. पाळी येईपर्यंत थांबावंही लागत नाही, महिन्यातल्या कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते. सगळं मिळून दोन आठवड्यांचं काम. तेवढा वेळ तसाही पीईटी स्कॅन, हृदयाची टूडी इको आणि औषधासाठी छातीत बसवायचा पोर्ट यांत जाणारच होता. मॅडमनी केमोची तारीख पुढे ढकलली ती फार तर आठवडाभर.

सेंटर पुण्यात, म्हात्रे पुलाच्या अलीकडे. बाहेर बसायच्या खोलीत भिंतभर बाळांचे फोटो, कोपऱ्यात गणपती आणि 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा बोर्ड. बाकीच्या जोडप्यांचे चेहरे वर्षानुवर्षं वाट बघितलेले. माझ्या ब्लाउजखाली बायोप्सीची पट्टी. शेजारच्या बाईने आपुलकीने विचारलं, "तुमचं कितवं सायकल?" मी म्हटलं, "पहिलंच, आणि एवढंच." तिला ते फार आत्मविश्वासाचं वाटलं असणार.

घट बसले त्याच आठवड्यात इंजेक्शनं सुरू झाली. (घटातलं धान्य आणि माझी बीजं अशी उपमा देण्याचा मोह घरात सगळ्यांनी आवरला, याबद्दल मी आजही ऋणी आहे.) पेनसारखी इंजेक्शनं फ्रीजच्या दारात, लिंबू आणि आल्याच्या कप्प्यात. रात्री जेवणं आटोपली की नवरा हात धुऊन यायचा, पेनच्या टोकाची चकती फिरवून डोस लावायचा, मोबाइलच्या उजेडात आकडा दोनदा वाचायचा. बेंबीपासून दोन बोटं सोडून चिमटीत कातडी धरायची, सुई आत, दहापर्यंत मोजायचं, मग बाहेर. पहिल्या रात्री त्याचाच हात थरथरत होता. शेवटी शेवटी पोटावर निळसर ठिपक्यांची रांग झाली, आज कुठल्या बाजूला याचा हिशोब तोच ठेवायचा. एक दिवसाआड आतून करायची सोनोग्राफी. पडद्यावर काळे गोल दिसायचे आणि डॉक्टर त्यांची मापं सिस्टरला सांगायच्या: चौदा, सोळा, बारा. मिलिमीटरमध्ये. ही भाषा मला कारखान्यातली वाटली, त्या खोलीत मला पहिल्यांदा बरं वाटलं ते तिथे.

बीजं काढायच्या आधीचं शेवटचं इंजेक्शन घड्याळ लावून घ्यायचं असतं, कारण त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी बीजं काढतात. त्याची वेळ चुकवून चालत नाही. दसऱ्याच्या आसपास ते झालं. भूल देतात, वेळ फार लागत नाही, नंतर पोट दोन दिवस फुगल्यासारखं. ११ बीजं मिळाली, त्यांतली ९ पक्व.

पण माझ्या लक्षात राहिलाय तो त्याआधीचा संमतीपत्राचा गठ्ठा. त्यात एक रकाना होता: मृत्यू झाल्यास साठवलेल्या बीजांचं आणि गर्भांचं काय करायचं? नष्ट करायचे, संशोधनाला द्यायचे, की जोडीदाराकडे राहू द्यायचे? आठवडाभर जो तो मला "काही होत नाही गं तुला" म्हणत होता. सरळ विचारलं ते त्या कागदाने. नवरा म्हणाला, "हे नंतर भरू." समोरची समुपदेशक मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, हे आत्ताच लागतं." मग आम्ही दोघं खाली चहाच्या टपरीवर जाऊन तो रकाना भरून आलो. काय भरलं ते आमच्यापाशी राहू दे.

दुसरा निर्णय, नुसती बीजं ठेवायची की नवऱ्याच्या बीजाशी फलन करून गर्भ ठेवायचे. गर्भ ठेवले तर पुढच्या शक्यतेचा अंदाज जरा पक्का येतो, पण ते दोघांचे, पुढे काहीही करायचं तर दोघांच्या सह्या हव्यात. बीजं माझ्या एकटीची. माझं लग्न चांगलं आहे. तरी मी चार बीजं तशीच ठेवायला सांगितली. नवऱ्याने कारण विचारलं नाही, आणि याबद्दल मला तो जास्त आवडला. उरलेल्या पाचांतून तीन गर्भ टिकले. सगळं मिळून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये आहे. कायद्याप्रमाणे साठवणुकीची मुदत दहा वर्षं.

पैशांचंही सांगते, कारण लाजेपोटी कुणी सांगत नाही. औषधं धरून दोन लाखांच्या आसपास गेले, दरवर्षीचं साठवणुकीचं भाडं वेगळं. मेडिक्लेमने यातला रुपयाही दिला नाही. केमो हा आजाराचा खर्च, बीजं ठेवणं हा 'वंध्यत्व उपचार', असं उत्तर आलं. ज्या औषधाने वंध्यत्व येणार त्याचं बिल मंजूर, आणि ते टाळायचा खर्च नामंजूर. दोन पत्रं लिहिली, मग सोडून दिलं. ज्यांच्याकडे हे दोन लाख नाहीत त्यांना हा प्रश्न विचारायचीही कुणी तसदी घेत नसेल, असं तेव्हा वाटलं होतं. आजही वाटतं.

केमोच्या आधीच गोसेरेलिनचं इंजेक्शन सुरू झालं. दर २८ दिवसांनी, जाड सुईने पोटाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी गोळी सोडतात, ती महिनाभर विरघळत राहते आणि अंडाशयांना झोपवून ठेवते. झोपलेल्या अंडाशयांना केमोचा मार कमी बसतो, हा त्यामागचा विचार. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत केमोबरोबर हे इंजेक्शन घेतलेल्या बायकांपैकी ८ टक्क्यांची अंडाशयं दोन वर्षांनंतर निकामी झालेली दिसली, न घेतलेल्यांत २२ टक्क्यांची. त्या बायकांचा कॅन्सर हार्मोन-निगेटिव्ह होता, माझा नाही, हेही मॅडमनी सांगितलं. "याच्यावर विसंबून बीजं ठेवायची टाळू नका, बीजं ठेवली म्हणून हेही टाळू नका," असा त्यांचा एकूण हिशोब.

केमोबद्दल मी लिहीत नाही. केस गेले, लाल औषधाने लघवी लाल झाली, तोंड आलं. यावर पुष्कळ जणींनी लिहिलंय. शस्त्रक्रियेत स्तन वाचला. जनुकीय तपासणीत घराण्यातून येणारा बीआरसीए बदल निघाला नाही. रेडिएशन उन्हाळ्यात संपलं. लोक पेढे घेऊन आले.

आणि तिथून माझा दुसरा आजार सुरू झाला, ज्याला आजार म्हणायला कुणी तयार नव्हतं.

पाळी केमोतच गेली होती. गोसेरेलिन चालूच राहिलं आणि त्याच्या जोडीला एक्झेमेस्टेनची रोजची गोळी आली. पस्तिशीच्या आतल्या, धोका जास्त असलेल्या बाईला नुसत्या टॅमॉक्सिफेन या हार्मोनविरोधी गोळीपेक्षा हा दुहेरी मार्ग जास्त फायद्याचा, असं मॅडमचं मत. एक अंडाशयातलं इस्ट्रोजेन बंद करतं, दुसरं उरलंसुरलं चरबीत वगैरे तयार होणारं. सगळ्या बाजूंनी नळ बंद. पन्नाशीच्या बाईला जे चार-पाच वर्षांत हळूहळू होतं ते मला काही आठवड्यांत झालं.

वाफ छातीतून निघते. मग मान, कानांमागे, टाळू. कुणीतरी आतून बर्नर मोठा केल्यासारखं मिनिटभर, मग घाम, मग थंडी. सप्टेंबरात कामावर परत गेले. शॉप फ्लोअरवर हेल्मेट घालावंच लागतं. ग्राहकाकडून आलेले ऑडिटर बरोबर होते, मी हातात चेकलिस्ट धरून मशीनसमोर उभी, आणि हेल्मेटच्या कडेने घाम थेट कागदावर. शाई फुटली, सहाव्या ओळीतली टिक बरोबर की फुली, ते कळेना. ऑडिटर सभ्य गृहस्थ, पंचावन्नचे असतील. म्हणाले, "मॅडम, बरं नाही का?" मी म्हटलं, "मेनोपॉज आहे, सर." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या सेफ्टी शूजकडे. पुढचं ऑडिट झटपट उरकलं. एकही शेरा नाही.

मग मी सवयीप्रमाणे एक्सेल शीट केली. वेळ, किती जोरात, आधी काय झालं होतं. महिन्याभरात चित्र दिसलं: कडक गरम चहा, मिसळ, चांदणी चौकातला ट्रॅफिक, नणंदेचा फोन. चहा सोडला नाही, कोमट करून पिते. अमृततुल्यवाल्याला "जरा निवू द्या" म्हटलं की तो अपमान झाल्यासारखा बघतो.

दिवस एकवेळ निभतो. रात्री तीनला चादर भिजलेली असायची, पंखा पाचवर, नवरा दुलईत कुडकुडत. पुन्हा झोप लागायला तास. सकाळी माणसांची नावं आठवायची नाहीत, जिन्यावर गुडघे आणि बोटांची पेरं दुखायची. ओपीडीत सांगितलं की उत्तर यायचं, "औषध काम करतंय याचीच ही खूण." हे खरंच आहे. पण त्या वाक्यानंतर पुढचा पेशंट आत यायचा.

इथेच माझी तक्रार आहे. बीजं ठेवायच्या प्रश्नासाठी अख्खं सेंटर होतं, फॉर्म होते, समुपदेशक होती, दरपत्रक होतं. बीजं ठेवलेल्या बाईचं पुढे काय, याची कुठे खोली नव्हती. ऑन्कोलॉजिस्ट म्हणणार स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारा, स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणणार ऑन्कोलॉजिस्टला. आणि नातेवाइकांच्या लेखी तर विषय संपलेला, कारण "तुझी बीजं आहेत ना ठेवलेली?" आई होण्याची शक्यता जपली म्हणजे बाईचं सगळं जपलं, असा तो हिशोब.

घराजवळच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी वाफांवर हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. फाइल समोर उघडी होती, पहिल्या पानावर ईआर पॉझिटिव्ह लिहिलेलं. गोळ्या घ्यायच्या आधी मी मॅडमना फोटो पाठवला. एका ओळीचं उत्तर: "मुळीच नाही." नंतर त्यांनी समजावलं. कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांना अशी हार्मोन्स देऊन बघण्याची एक चाचणी स्वीडनमध्ये सुरू झाली होती, ती २००३ साली मध्येच थांबवावी लागली, कारण गोळ्या घेणाऱ्यांत कॅन्सर जास्त उलटत होता. शतावरीचं चूर्ण, 'हार्मोन बॅलन्स' म्हणून येणाऱ्या कॅप्सूल यांनाही त्यांनी नको म्हटलं. जेवणातलं सोयाबीन किंवा जवसाची चटणी चालते, अर्काच्या गोळ्या नकोत.

मला शेवटी दिलं ते व्हेनलाफॅक्सिन, कमी डोसात. मूळचं नैराश्यावरचं औषध, पण वाफांवर चालतं. घरात त्या पाकिटावरून कुजबुज झाली, "हिला डिप्रेशन आलंय का?" पहिला आठवडा मळमळीत गेला, नंतर शीटमधल्या नोंदी निम्म्यावर आल्या. रात्री अजून जाग येते, पण चादर बदलावी लागत नाही. इथे एक गोष्ट टॅमॉक्सिफेनवर असणाऱ्या मैत्रिणींसाठी. नैराश्यावरच्याच औषधांतली पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन टाळायची असतात. टॅमॉक्सिफेनचं यकृतात जे प्रभावी रूप तयार व्हायचं असतं, त्याच्याच आड ती येतात. फॅमिली डॉक्टरांनी सहज लिहून दिली तर नक्की विचारा.

या सगळ्यात ज्यांच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती त्या सासूबाई.

एका रात्री मी स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून शहाबादी फरशीवर बसले होते, पाय पसरून, गाऊन गुडघ्यांपर्यंत. घरातली सगळ्यात गार जागा तीच. सासूबाई पाणी प्यायला उठल्या. दिवा लावला नाही. म्हणाल्या, "वाफ आली का?" आणि शेजारी बसल्या. त्यांना संधिवात आहे, खाली बसत नाहीत.

त्या कोरेगाव तालुक्यातल्या. अडतिसाव्या वर्षी त्यांची पिशवी काढली. पांढरं जायचं, एवढीच तक्रार. तालुक्याच्या डॉक्टरने सांगितलं, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, हे त्यांना पुण्याला आल्यावर, कितीतरी वर्षांनी एका सोनोग्राफीत कळलं. "ऑपरेशन झालं आन् पंधरा दिवसांत अंगाचा भट्टा झाला. रात्री उठून विहिरीवरच्या मोटारीच्या धारेखाली मान धरायचे. ह्यांना वाटलं, बाधा झाली. देवऋषी आणला होता." मी विचारलं, "मग डॉक्टरला नाही सांगितलं?" "काय सांगू? पोरं झाली होती. पोरं झाल्यावर बाईच्या पिशवीचं कोण विचारतं?"

बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली गाजल्या, चौकशी समिती बसली. तेव्हा मी त्या वाचल्या आणि हळहळून पान उलटलं होतं. तशीच एक बाई माझ्याच घरात रोज माझा डबा भरत होती.

त्यांनी सांगितलेले उपाय कुठल्याही हॉस्पिटलच्या माहितीपत्रकापेक्षा नेमके निघाले. जाड दुलईऐवजी पातळ सुती चादरी दोन, म्हणजे एक फेकता येते. उशाशी ओला पंचा, मानेवर टाकायचा, कपाळावर नाही. रात्रीचं जेवण लवकर आणि कमी तिखट. आणि वाफ आली की तिच्याशी भांडायचं नाही, लांब श्वास घेत बसायचं. हे शेवटचं मला नंतर एका समुपदेशकाने फी घेऊन शिकवलं.

एक विषय मात्र त्यांच्याशीही बोलता आला नाही. कोरडेपणा. नवरा-बायकोचं जवळ येणं म्हणजे सुरी फिरल्यासारखी कळ. मी टाळू लागले, त्याला वाटलं मी अजून आजारी समजते स्वतःला, मला वाटलं त्याला माझ्या छातीवरच्या व्रणाची किळस येते. दोघांचेही अंदाज चुकीचे, आणि ते कळायला निम्मं वर्ष गेलं. शेवटी मॅडमच्या ओपीडीतल्या सिस्टरनेच विचारलं, "बाकी सगळं ठीक आहे ना? म्हणजे, सगळं?" तिने दोन नावं लिहून दिली. एक मॉइश्चरायझर, आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असोत-नसोत. दुसरं पाण्यासारखं पातळ ल्युब्रिकंट, त्या वेळेपुरतं. जागेवर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम अगदी शेवटचा पर्याय, तेही ऑन्कोलॉजिस्टला विचारून, आणि माझ्यासारख्या एक्झेमेस्टेनवालीला शक्यतो नाहीच. कोथरूडच्या मेडिकलवाल्याने दोन्ही ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून, वर रबर लावून दिल्या. मी तिथेच रबर काढून मुदतीची तारीख तपासली. मागे रांग होती.

त्याच सिस्टरने पुढचा प्रश्न विचारला, "गर्भनिरोधक काय वापरता?" मला हसू आलं. पाळी नाही, अंडाशयं झोपलेली, बीजं टाकीत. ती हसली नाही. एवढ्या लहान वयात अंडाशयं इंजेक्शनला दाद न देता मध्येच जागी होऊ शकतात, म्हणून तर अधूनमधून रक्तातलं इस्ट्रोजेन तपासतात. आणि या औषधांवर गर्भ राहिला तर त्याला धोका. हार्मोनच्या गोळ्या चालणार नाहीत, म्हणून कॉपर-टी. म्हणजे मूल व्हावं म्हणून दोन लाख, आणि होऊ नये म्हणून तांब्याची तार. दोन्ही कामं एकाच बाईत एकाच वेळी चालू. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तुमच्या क्वालिटीत याला काय म्हणतात?"

हाडांचं थोडक्यात. डेक्सा स्कॅनमध्ये मणक्याची घनता वयाच्या मानाने कमी आली. कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, दर सहा महिन्यांनी हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाइन. वेताळ टेकडीवर चालायला जात होतेच, पण नुसत्या चालण्याने भागणार नाही म्हणून वजनं उचलायला लागले. सांधेदुखी सगळ्यात कमी झाली ती यानेच, गोळ्यांनी नाही. सासूबाईंचं नाचणीचं आंबील सकाळी. त्या स्वतःही आता डेक्सा करून आल्या. त्यांची हाडं माझ्यापेक्षा वाईट आहेत, औषध सुरू झालंय.

आता पुढचं. २०२३ मध्येच एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, पॉझिटिव्ह नावाचा. बेचाळीस वर्षांपर्यंतच्या, हार्मोन-पॉझिटिव्ह कॅन्सर झालेल्या पाचशेहून जास्त बायकांनी १८ ते ३० महिने हार्मोनविरोधी उपचार घेतले, मग मूल व्हावं म्हणून जास्तीत जास्त दोन वर्षं थांबवले. तीन वर्षांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण ८.९ टक्के, आणि आधीच्या अभ्यासांतल्या, न थांबलेल्या तशाच बायकांत ९.२. जवळजवळ सारखंच. त्यांच्यातल्या साधारण चौसष्ट टक्के बायकांना मूल झालं. आकडे चांगले आहेत. पण त्या वेळचा पाठपुरावा सरासरी साडेतीन वर्षांच्या आतला, आणि हा कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीही उलटतो. मी मॅडमना हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "बरोबर. मी तुम्हाला शून्य धोका देऊ शकत नाही. थांबलात तरी, नाही थांबलात तरी."

अठरा महिने उलटून गेलेत. नवरा म्हणतो, त्याला मी पुरे आहे. तो घाबरलाय आणि घाबरण्याला त्याने हे सभ्य नाव दिलंय. माझं जरा अवघड आहे. इंजेक्शन थांबवायचं म्हटलं की मला आधी बाळ दिसत नाही, झोप दिसते. सलग सहा तासांची, कोरड्या चादरीवरची. मूल हवं म्हणून थांबवायचं की स्वतःचं शरीर परत हवं म्हणून, हे मला वेगळं काढता येत नाही. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, दुसरं कारण लहान नाही, पण नुसत्या दुसऱ्यासाठी मी औषध थांबवायला सांगणार नाही, औषध बदलून बघू. हे उत्तर मला पटलं.

ठरलंय ते असं. आधी मॅमोग्राफी आणि बाकीच्या तपासण्या. त्या स्वच्छ आल्या तर औषधं बंद, मग तीन महिने शरीर मोकळं होऊ द्यायचं, तोवर कॉपर-टी तशीच. नंतर काही महिने आपसूक राहतंय का बघायचं, नाहीतर टाकीतला एक गर्भ. दोन वर्षांत झालं किंवा न झालं तरी गोळ्या परत सुरू. मध्ये कुठल्याही टप्प्यावर मी "नको" म्हणू शकते, हे मॅडमकडून फाइलवर लिहून घेतलंय, तारखेसकट.

पाळी परत येईल की नाही, हे आत्ता कुणालाच सांगता येत नाही. सासूबाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या कैऱ्या चिरत होत्या. ऐकून घेतलं, विळी आडवी केली आणि म्हणाल्या, "आली तर आली. आणि आली म्हणून लोणच्याला शिवायचं नाही असलं काही डोक्यात घेऊ नकोस. सगळी बरणी तूच भर."